सेविका, सहायिका आणि शिकाऊ उमेदवार : बालसंगोपनाच्या प्रशिक्षणाची एक चिकित्सा
(बालाघाट जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

बालशिक्षणाविषयी आपल्याकडे जेव्हा चर्चा होते तेव्हा ती प्रामुख्याने मुलाविषयी, अभ्यासक्रमाविषयी आणि अलीकडे आहाराविषयी होते. लहान मुलांना सांभाळणारी व शिकवणारी स्त्री कशी घडते, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला आहे. प्राथमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणावर आयोग नेमले गेले, ग्रंथ लिहिले गेले. परंतु तीन वर्षांच्या मुलाचे नाक पुसणारी, त्याला घास भरवणारी, त्याच्याशी पहिल्यांदा घराबाहेरची भाषा बोलणारी स्त्री हे काम कोणाजवळ शिकते, याचा विचार क्वचितच होतो. हे काम प्रत्येक बाईला उपजतच येते अशी एक सोयीची समजूत त्यामागे आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीची, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या प्रशिक्षणव्यवस्थेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

यासाठी बालाघाट जिल्हा हा संदर्भ म्हणून घेण्यामागे कारणे आहेत. १८६७ साली स्थापन झालेला हा जिल्हा मध्य प्रांतात नागपूर विभागाचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. पण मराठी, पोवारी, गोंडी, हिंदी आणि उर्दू बोलणारी घरे आपापल्या जागीच राहिली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १७,०१,६९८ असून दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या. हे प्रमाण त्या जनगणनेत राज्यात सर्वाधिक होते. जिल्हा भाताचा आहे. येथील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भात म्हटला की रोवणी आली, आणि रोवणी म्हणजे मुख्यतः स्त्रियांचे काम. आषाढात बांधीमध्ये पऱ्हे रोवायला निघालेल्या आईसमोर लहान मुलाला कोठे ठेवावे हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. त्याला तीन उत्तरे आहेत : घरची म्हातारी, शाळा बुडवून घरी थांबणारी थोरली मुलगी, किंवा गावातील अंगणवाडी. यातील तिसरे उत्तर कितपत भरवशाचे आहे हे तेथील दोन स्त्रियांच्या तयारीवर अवलंबून असते.

शब्दांची साक्ष

एखाद्या कामाकडे समाज कसा पाहतो हे त्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दांवरून कळते. वैनगंगेच्या खोऱ्यात राज्याची सीमा ओलांडली की एकाच योजनेतील एकाच कामाची नावे बदलतात. गोंदिया जिल्ह्यात जी 'अंगणवाडी सेविका' ती बालाघाटमध्ये 'आंगनवाडी कार्यकर्ता' होते. तिकडची 'मदतनीस' इकडे 'सहायिका' होते. तिला मिळणाऱ्या रकमेला तिकडे 'मानधन' म्हणतात, इकडे 'मानदेय'. शब्द वेगळे असले तरी दोन्हीकडे एक शब्द कटाक्षाने टाळलेला आहे : 'शिक्षिका'. आणि दुसराही टाळलेला आहे : 'वेतन'.

हा केवळ भाषेचा खेळ नाही. २००६ साली कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचारी या शासकीय नागरी पदाच्या धारक नाहीत असा निर्णय दिला. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया प्रकरणात त्याच न्यायालयाने, १९७२ च्या कायद्यान्वये त्या उपदानास म्हणजे ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असे ठरवले, आणि त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच होय असे मान्य केले. योजना सुरू झाली त्यानंतर ४६ वर्षांहून अधिक काळ एका शब्दाचा अर्थ निश्चित व्हायला लागला. ज्या अध्यापकांना शब्दार्थाचा तास हा परीक्षेपुरता वाटतो त्यांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

दुसरा शब्द 'उमेदवारी'. मराठीत एखादा धंदा शिकण्यासाठी कोणाच्या हाताखाली राहणे याला 'उमेदवारी करणे' म्हणतात, आणि शासकीय मराठीत आजही 'शिकाऊ उमेदवार' हाच शब्द रूढ आहे. शब्द फारसी आहे. 'उमेद' म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांत नोकरी मिळेल या आशेने तरुण बिनपगारी काम करीत, त्या प्रथेचा वास या शब्दाला अजून आहे. म्हणजे शब्दाच्या पोटात काम आहे आणि आशा आहे. शिकणे मात्र नाही, ते आपण 'शिकाऊ' हे विशेषण जोडून बाहेरून आणले. याउलट उर्दूत या नात्याला 'शागिर्दी' म्हणतात. शागिर्द म्हटले की समोर उस्ताद असतोच. उस्तादाशिवाय शागिर्द ही कल्पनाच करता येत नाही. जुन्या मकतबांमध्ये या दोघांच्या मधली एक पायरीही होती. वरच्या इयत्तेतला जाणता विद्यार्थी धाकट्यांचा धडा घेई, त्याला 'खलीफा' म्हणत. उमेदवार एकटा असू शकतो, शागिर्द असू शकत नाही. बालसंगोपनाच्या क्षेत्रातील आजच्या प्रशिक्षणाचे मोजमाप करायला हा भेद उपयोगी पडतो.

या कामाची जुनी नावेही पाहण्यासारखी आहेत. 'आया' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. 'दाई' या शब्दाचे नाते एकीकडे संस्कृत 'धात्री'शी तर दुसरीकडे फारसी 'दाया'शी सांगितले जाते. ही सर्व नावे घरातील चाकरीची आहेत. घराबाहेर, समाजाच्या वतीने, शिकून केलेले काम या अर्थाचे नाव विसाव्या शतकात घडवावे लागले, आणि त्यातील सर्वांत यशस्वी नाव, 'अंगणवाडी', मराठी मुलखातून आले.

कोसबाडची परंपरा

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा मूळ अर्थ. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी ती कुरणशाळा. आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेतल्यामुळे शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ती विकासवाडी. परदेशी बनावटीच्या महाग साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले, दगड यांचा साधन म्हणून उपयोग हेही या कामाचे वैशिष्ट्य होते.

याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि या कामाची एक बाजू फारशी तपासली गेलेली नाही, ती म्हणजे येथे काम शिकण्याची रीत. ताराबाई या मुंबई विद्यापीठाच्या १९१४ सालच्या पदवीधर. राजकोट येथील स्त्री प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्याबरोबर काम करीत बालशिक्षण शिकल्या. गिजुभाई स्वतः वकील होते. त्यांचे बालमंदिर १९२० मध्ये सुरू झाले होते. दोघांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. अनुताईंची कथाही अशीच आहे. १९१० साली मोरगाव येथे जन्मलेल्या, बालपणीच विधवा झालेल्या अनुताई प्रशिक्षित प्राथमिक शिक्षिका होत्या. १९४५ मध्ये त्या ताराबाईंकडे आल्या तेव्हा त्यांचे वय ३५ होते, ताराबाईंचे ५३. लहान मुलांचे काम त्या तेथे, ताराबाईंच्या शेजारी उभ्या राहून शिकल्या. त्यांनी पदवी घेतली ती १९६१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी. म्हणजेच कामात सोळा वर्षे घालवल्यावर.

गिजुभाईंपासून ताराबाई, ताराबाईंपासून अनुताई, हा उर्दूत ज्याला सिलसिला म्हणतात तसा एक सिलसिला आहे. त्यात तीन गोष्टी दिसतात. एक, शिकणारी व्यक्ती आधीच काहीतरी जाणणारी होती, तिचे आधीचे जाणणे वाया गेले नाही. दोन, शिकणे मुलांच्या समोर झाले. कोसबाडला प्रशिक्षणवर्ग आणि मुलांची वाडी एकाच परिसरात होती. तीन, शिकवणारी व्यक्ती स्वतः मुलांमध्ये रोज काम करीत होती. या तीन अटी जेथे पूर्ण होतात तेथे प्रशिक्षणाला शागिर्दी म्हणता येते.

ही गोष्ट केवळ कोसबाडची नव्हे. लंडनच्या डेप्टफर्ड भागातील गरीब वस्तीत मार्गारेट मॅकमिलन व रेचल मॅकमिलन या भगिनींनी १९१४ मध्ये खुल्या हवेतील बालशाळा सुरू केली. तिच्यालगतच शिक्षिकांच्या शिक्षणाची सोय उभी राहिली, आणि १९३० मध्ये रेचलच्या नावाने तेथे महाविद्यालय झाले. आपल्याकडे हातांनी शिकण्याच्या विचाराला १९३७ मध्ये वर्धा येथे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग शिक्षणाच्या रूपाने आकार दिला. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर नई तालीमची कक्षा पूर्व-बुनियादी वयापर्यंत वाढवण्यात आली. त्याच काळात दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये गेर्डा फिलिप्सबॉर्न ही जर्मन ज्यू स्त्री, जिला सर्वजण 'आपा जान' म्हणत, लहान मुलांमध्ये काम करीत होती. १९४३ मध्ये तिचे निधन झाले. जामियातील पाळणाघराला आज तिचे नाव आहे. वर्धा, बोर्डी आणि दिल्ली येथील ही माणसे वेगवेगळ्या धर्मांची, भाषांची होती. लहान मुलाचे काम मुलाजवळ बसूनच शिकता येते, ही त्यांची समजूत मात्र एक होती.

कोसबाडच्या मर्यादा

गौरवाबरोबर चिकित्साही आवश्यक आहे. कोसबाडचे काम ज्या त्यागावर उभे होते तो त्याग दोन असामान्य स्त्रियांचा होता. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली, हा योग्य सन्मान झाला. परंतु त्यागाची भाषा जेव्हा व्यवस्थेची भाषा होते तेव्हा तिचा अर्थ बदलतो. स्वेच्छेने कमी घेणाऱ्या व्यक्तीचे मोठेपण, ज्यांना निवडीला वावच नाही अशा लाखो स्त्रियांना कमी देण्याचे समर्थन म्हणून वापरले जाऊ लागते. 'सेविका' हा शब्द असाच वाहत आला आहे. शिवाय सिलसिल्याची एक दुर्बलताही असते. तो व्यक्तीवर अवलंबून असतो. उस्ताद गेला की शागिर्दी संपण्याचा धोका राहतो. म्हणून रीत घ्यायची, पण तिला व्यक्तीच्या पुण्याईवर न ठेवता नियमाच्या आधारावर उभे करायचे, हे नंतरच्या पिढीचे काम होते. ते झाले का, हे पाहणे आवश्यक ठरते.

शब्द आला, रीत मागे राहिली

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि कोसबाडला रुळलेला 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. योजनेचा व्याप आणि तिने केलेले काम नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु येथे प्रशिक्षणाचा क्रम उलटा झाला. कोसबाडला आधी शिकणे व मग वाडी सांभाळणे असा क्रम होता. योजनेत आधी नेमणूक, मग केंद्राची जबाबदारी आणि सवडीने प्रशिक्षण असा झाला. प्रशिक्षणाची जागाही बदलली. ते मुलांपासून दूर, सभागृहात, व्याख्यानांच्या रूपाने होऊ लागले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या प्रश्नाची दखल घेतली हे मान्य करायला हवे. बारावी व त्याहून अधिक शिकलेल्या कार्यकर्तीला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका, अशी शिफारस त्यात आहे. मात्र हे शिक्षण दूरचित्रवाहिन्या व स्मार्टफोन यांच्या साहाय्याने, दूरशिक्षणाच्या पद्धतीने द्यावे आणि महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वर्ग व्हावा, असे सुचवले आहे. १० मे २०२३ रोजी 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात कार्यकर्तीसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण ठेवले गेले. तीन दिवसांत माहिती देता येते. रडणाऱ्या मुलाला कधी उचलावे आणि कधी नुसते शेजारी बसावे, हे तीन दिवसांत शिकवता येत नाही. ते फोनच्या पडद्यावरूनही शिकवता येत नाही. ते फक्त दुसऱ्या जाणत्या स्त्रीला करताना पाहून, स्वतः करून, चुकून आणि ती चूक तिने त्याच दिवशी दाखवून दिल्यावर येते.

येथे एक व्यावहारिक अडचणही नमूद करावी लागेल. मुलांचे वजन-उंची, आहारवाटप, लसीकरणाचे दिवस, गरोदर मातांच्या भेटी, आणि २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' या ॲपवरील नोंदी, इतकी कामे एका कार्यकर्तीवर आहेत. शिकवण्यासाठी उरलेला वेळ हा उरलेलाच वेळ असतो. अशा स्थितीत मुलांजवळ प्रत्यक्ष जास्त वेळ कोण असते? बहुधा सहायिका.

पाच वर्षे कशाची?

सहायिका हीच या व्यवस्थेतील खरी शागिर्द आहे, परंतु तिला कोणी तसे म्हणत नाही. ती मुलांना घरून आणते, हात धुते, जेवण वाढते, केंद्र झाडते, निजलेल्या मुलावर लक्ष ठेवते. ती त्याच गावची असते; मुलाचे घर, त्याची भाषा, त्याच्या आईची शेतातून परतायची वेळ तिला ठाऊक असते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मानधन वाढवले तेव्हा केंद्राच्या दराने कार्यकर्तीला दरमहा ४,५०० रुपये आणि सहायिकेला २,२५० रुपये असे ठरले; राज्ये त्यात आपापली भर घालतात. म्हणजे केंद्राच्या दराने सहायिका ही बरोबर अर्धी कार्यकर्ती ठरली.

२०२२ च्या 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' या मार्गदर्शक सूचनांत एक महत्त्वाची तरतूद आली. कार्यकर्तीच्या ५० टक्के जागा, इतर पात्रता पूर्ण करणाऱ्या व पाच वर्षांचा अनुभव असलेल्या सहायिकांमधून बढतीने भराव्यात, आणि पर्यवेक्षिकेच्या ५० टक्के जागा तशाच रीतीने कार्यकर्तींमधून भराव्यात, असे तीत म्हटले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण या पाच वर्षांचे स्वरूप काय? या काळात तिने काय शिकावे हे कोठेही लिहिलेले नाही. तिला कोणी शिकवावे हे ठरलेले नाही. ती शिकली की नाही हे कोणी पाहत नाही. मोजले जाते ते केवळ वर्ष. पाच वर्षे झाडू मारणारी आणि पाच वर्षे मुलांबरोबर गाणी-गोष्टी करणारी, दोघींची नोंदवहीतील पाच वर्षे सारखीच. जिने हे काम खरोखर आत्मसात केले आहे पण जिचे शालेय शिक्षण अपुरे आहे, ती पात्रतेच्या अटीवर अडते. आणि बाहेरून येणारी, मुलांचा अनुभव नसलेली पण प्रमाणपत्र असलेली उमेदवार उरलेल्या जागांवर येते. अशा वेळी सहायिकेनेच नव्या कार्यकर्तीला काम शिकवावे असाही प्रसंग येऊ शकतो. तेथे उस्ताद सहायिका आणि शागिर्द तिची वरिष्ठ, अशी उलटी मांडणी तयार होते, आणि या उस्तादीचा मोबदला कोणाच्याही हिशेबात नसतो.

याला उमेदवारी म्हणता येईल; त्यात काम आहे आणि आशा आहे. शागिर्दी म्हणता येणार नाही.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा आणि दोन बायकांचे केंद्र

यावर सहज सुचणारा उपाय असा की बालसंगोपनालाही शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याखाली आणावे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा मूलतः कारखान्यातील कारागिरांना डोळ्यांसमोर ठेवून झाला. २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, कमाल दरमहा १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलेल अशी तरतूद होती. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार चार किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेता येतात, तीस किंवा अधिक असल्यास ते बंधनकारक होते, आणि त्यांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्क्यांदरम्यान असावी लागते.

बालाघाटच्या एखाद्या खेड्यातील अंगणवाडीत माणसे असतात दोन. म्हणजे ज्या ठिकाणी हे काम खऱ्या अर्थाने शिकता येईल ते ठिकाण एकट्याने कायद्याच्या मोजपट्टीवर उतरतच नाही. शहरातील मोठी खासगी बालशाळा उतरू शकेल. पण तेथे शिकाऊ मुलगी म्हणजे कमी पैशांत मिळालेली आया, असे होण्याची भीती मोठी आहे. विद्यावेतन हा शब्दही येथे विचारात घ्यावा. कार्यकर्तीला मानदेय, शिकाऊला विद्यावेतन; एकीत 'मान', दुसऱ्यात 'विद्या', आणि निव्वळ वेतन दोघींनाही नाही. मार्ग एकच दिसतो : एकेका केंद्राऐवजी संपूर्ण प्रकल्प किंवा गट हे एक आस्थापन मानावे, आणि शिकाऊ स्त्री कोणत्या केंद्रात, कोणाच्या हाताखाली शिकेल हे नावानिशी ठरवावे. २०२२ पासून 'पालना' योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघरे काढण्याचे धोरण आहे. रोवणीच्या दिवसांत आईला पूर्ण दिवसाची सोय हवी असते. ती देणाऱ्या पाळणाघरांना शिकलेल्या स्त्रिया लागतील; त्या कोठून येणार, याचे उत्तर आताच शोधावे लागेल.

घरची बोली आणि केंद्राची भाषा

बालाघाटच्या संदर्भात भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. वारासिवनी किंवा लालबर्रा भागातील मूल घरी पोवारी बोलते, बैहरकडचे गोंडी बोलते, कोठे मराठी, कोठे उर्दूमिश्रित हिंदी. केंद्रातील पुस्तक व तक्ते हिंदीत असतात. लहान वयात घरच्या भाषेतून शिकावे असे धोरण सांगते, आणि २०२२ चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडाही तेच सांगतो. परंतु घरची भाषा पुस्तकातून येत नाही, ती माणसाच्या तोंडून येते. पुष्कळदा ते माणूस म्हणजे सहायिका. 'अ अनार का' म्हणताना मुलाच्या चेहऱ्यावर जे कोरेपण दिसते ते, 'तू काय खाल्लंस' असे त्याच्या बोलीत विचारताच निघून जाते, हे कोणत्याही अनुभवी बाईला ठाऊक आहे. सभागृहातील तीन दिवसांच्या प्रशिक्षणात या ज्ञानाला जागा नाही, कारण ते प्रमाण हिंदीत मांडले गेलेले नाही. शागिर्दीत मात्र त्याला आपोआप जागा मिळते.

अर्थात शागिर्दी म्हणजे सर्व काही चांगलेच, असे मानणे भाबडेपणाचे होईल. उस्ताद जर छडी दाखवून घोकून घेणारी असेल तर शागिर्द तेच शिकेल. घरच्या भाषेची थट्टा करणारी असेल तर तीही सवय पुढे जाईल. मकतबांचा आणि गावठी शाळांचा इतिहास या दोषापासून मुक्त नाही. म्हणून हाताखाली शिकण्याला बाहेरच्या नजरेची जोड लागते : वाचन, चर्चा, दुसरे केंद्र पाहणे, आणि 'असेच का?' हा प्रश्न विचारण्याची मोकळीक. ही जोड देणे हे महाविद्यालयाचे काम आहे. तेथेच कम्युनिटी कॉलेजचा प्रश्न येतो.

कम्युनिटी कॉलेजपुढील काम

विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. स्थानिक गरज, स्थानिक रोजगार आणि प्रत्यक्ष काम यांची सांगड घालणे हा त्यामागील हेतू. बालसंगोपन हा विषय या हेतूला जितका जुळतो तितका क्वचितच दुसरा कोणता जुळत असेल. तरीही अशा संस्थांत संगणक, शिवणकाम व सौंदर्यप्रसाधन यांचे वर्ग लवकर सुचतात. बालसंगोपनाचा वर्ग निघालाच तर तो पुष्कळदा भिंतीवरील तक्ते आणि टिपणवहीपुरता राहण्याचा धोका असतो. वरील विवेचनाच्या आधारे अशा अभ्यासक्रमाला काही कसोट्या लावता येतील.

पहिली कसोटी वेळेची. आठवड्यातील बहुतेक दिवस मुलांमध्ये आणि एखाद-दुसरा दिवस महाविद्यालयात, असा क्रम असेल तरच त्याला शागिर्दी म्हणावे. दुसरी कसोटी उस्तादाची. अनुभवी कार्यकर्तीला किंवा सहायिकेला 'मार्गदर्शक' असे नाव, त्यासाठी वेगळा मोबदला आणि शिकवण्यासाठी राखीव वेळ मिळतो का, हे पाहावे. फुकटची उस्तादी ही फुकटच्या उमेदवारीचीच दुसरी बाजू आहे. तिसरी कसोटी नोंदीची. शिकणाऱ्या स्त्रीने रोज एका मुलाविषयी चार ओळी लिहाव्यात आणि त्या तिला ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत, मराठीत, हिंदीत किंवा उर्दूत, लिहिण्याची मुभा असावी. भाषेच्या अध्यापकाला या अभ्यासक्रमात करण्यासारखे खरे काम हेच आहे. चौथी कसोटी परीक्षेची. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेऐवजी तिला मुलांमध्ये काम करताना पाहून गुण द्यावेत. पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी, पूर्वानुभवाच्या मान्यतेची. ज्या सहायिकेने पाच, दहा, पंधरा वर्षे हे काम केले आहे तिला पहिल्या बाकावर नवशिकी म्हणून बसवू नये. तिला काय येते हे आधी पाहावे, ते प्रमाणित करावे, आणि जे उरते तेवढेच शिकवावे. कौशल्य आराखड्यात पूर्वशिक्षणाच्या मान्यतेची तरतूद आहे. ती गवंडी आणि शिंपी यांच्यासाठी वापरता येते तर अंगणवाडीच्या सहायिकेसाठी का नको?

यावर असा आक्षेप येऊ शकतो की प्रमाणपत्र मिळाले तरी नोकरी वाढणार नाही, मानदेय वाढणार नाही. मग हा खटाटोप कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. प्रशिक्षण हे मोबदल्याचा पर्याय होऊ शकत नाही, आणि महाविद्यालयाने तसे आश्वासन देऊही नये. परंतु २०२२ च्या निकालाने दाखवून दिले की नाव बदलले नाही तरी नावाचा अर्थ बदलू शकतो. जे काम शिकावे लागते, ज्याला उस्ताद लागतो, ज्याची परीक्षा होते, ते काम उपजत आहे म्हणून स्वस्त आहे, असे म्हणणे यापुढे अवघड होईल. बढतीच्या वेळी सहायिकेच्या हातात केवळ वर्षांचा आकडा न राहता तिने काय शिकले याची नोंद राहील. ज्यांच्या शालेय शिक्षणाची वाट लवकर बंद झाली अशा स्त्रियांसाठी, आणि त्यात मुस्लिम, आदिवासी व शेतमजूर कुटुंबांतील स्त्रिया बऱ्याच आहेत, ही वाट पुन्हा उघडण्याची शक्यता त्यात आहे.

समारोप

कोसबाडहून देशाने एक शब्द घेतला आणि तो शब्द जगला. त्या शब्दामागची शिकण्याची रीत मात्र टेकडीवरच राहिली. अनुताई वाघ यांना पदवी मिळायच्या आधी सोळा वर्षे मुलांनी आणि ताराबाईंनी शिकवले होते, आणि त्या शिकण्याला त्या काळीही कोणी कमी लेखले नाही. आज बालाघाटच्या कुठल्याही गावात सकाळी मुलांना बोलावत दारोदार फिरणारी सहायिका त्याच जागी उभी आहे. फरक एवढाच की तिच्या शेजारी ताराबाई नाहीत, आणि तिची वर्षे कोणी वाचत नाही. आषाढात रोवणीला निघालेली आई आपले मूल तिच्या हाती देते तेव्हा ती प्रमाणपत्र विचारत नाही, विश्वास ठेवते. त्या विश्वासाला शिक्षणाचा आधार देणे आणि त्या शिक्षणाला नाव व दाम मिळवून देणे, एवढे काम कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांनी अंगावर घेतले तरी उमेदवारीची शागिर्दी व्हायला सुरुवात होईल.